इतिहासाला वळण कोणत्या आपत्तींनी दिलं? आवाजावर जाऊ नका

जगाच्या इतिहासाची दिशा सर्वांत जास्त कोणत्या नैसर्गिक घटनांनी बदलली, असं कुणी विचारलं की ठरलेली नावं पुढे येतात: डायनोसॉर संपवणारा लघुग्रह, पॉम्पेई गाडणारा व्हेसुव्हियस, क्राकाटोआ. बर्फाचे गाभे (हिमनगात खोल भोक पाडून काढलेले लांब दांडे), झाडांच्या खोडातली वलयं आणि गुहांमधले लवणस्तंभ वाचून जुनं हवामान शोधायचं, हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. या कामात राहून माझं एक मत पक्कं झालं आहे. घटना केवढी होती हे दुय्यम. ती धान्याच्या कोठारापर्यंत किंवा सत्तेच्या खुर्चीपर्यंत पोचली का, आणि ती घडली नसती तर पुढचं खरंच वेगळं झालं असतं का, एवढंच बघायचं.

ही कसोटी लावली की यादीतली निम्मी नावं गळतात.

लघुग्रहाचं घ्या. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी साधारण १० किलोमीटर व्यासाचा धोंडा आजच्या मेक्सिकोतल्या युकातानजवळ आदळला आणि सस्तन प्राण्यांना रान मोकळं झालं, हे खरं. पण तो माणसाच्या आधीचा. तो मोजायचा तर इतिहासातल्या कुठल्याही प्रश्नाला तेच एक उत्तर देता येईल, आणि मग बोलण्यासारखं काही उरत नाही. व्हेसुव्हियस फुटला इ.स. ७९ मध्ये. पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम गाडली गेली, आणि पुढच्याच वर्षी रोममध्ये सम्राट टायटसने कलोसियमचं उद्घाटन करून १०० दिवस खेळ भरवले. साम्राज्याच्या अंगावर ओरखडाही उठला नाही. १८८३ चा क्राकाटोआ सुमारे ४,८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू आला, त्सुनामीने ३६,००० च्या वर माणसं गेली, तारायंत्रामुळे बातमी जगभर पोचली. एवढं होऊन कुठलं राज्य पडलं नाही की कुठली सीमा सरकली नाही.

सर्वांत चांगलं उदाहरण मात्र बहुतेकांना माहीतच नसतं. गेल्या दोन हजार वर्षांतल्या बर्फात ज्वालामुखीच्या गंधकाच्या ज्या खुणा आहेत, त्यांतली सर्वांत मोठ्यांपैकी एक १२५७ सालची. ती ग्रीनलंडच्या बर्फात दिसते आणि अंटार्क्टिकाच्याही. पण तो ज्वालामुखी होता कुठे, हे २०१३ पर्यंत नक्की नव्हतं. शेवटी तो इंडोनेशियातल्या लोम्बोक बेटावरचा सामालास निघाला. एवढा प्रचंड उद्रेक, आणि जगाच्या राजकारणात त्याच्या नावावर ठामपणे टाकता येईल असं फार थोडं. १२५८ च्या फेब्रुवारीत मंगोलांनी बगदाद घेतलं, म्हणून दोन्ही तारखा जोडायचा मोह होतो. हा शुद्ध बादरायण संबंध आहे. बगदाद घेणाऱ्या मंगोल सरदाराची, हुलागूची, फौज उद्रेकाच्या कित्येक वर्षं आधीच निघालेली होती.

आता जे खरोखर वळणं देऊन गेलं त्याकडे येतो. पहिला मान ज्याला आवाजच नव्हता त्या घटनेला: सहाराचं वाळणं.

साधारण ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वी सहारा हिरवा होता. पृथ्वीच्या डोलण्यामुळे तेव्हा उत्तर गोलार्धात उन्हाळ्यातलं ऊन आजच्यापेक्षा तीव्र होतं, जमीन जास्त तापायची, आणि आफ्रिकेतला मान्सून पार उत्तरेपर्यंत चढायचा. चाड सरोवर जवळपास कॅस्पियन समुद्राएवढं पसरलेलं होतं. आज वाळूशिवाय काही नाही अशा ठिकाणच्या खडकांवर गुरांच्या कळपांची आणि पोहणाऱ्या माणसांची चित्रं आहेत. मग पृथ्वीचं डोलणं पुढे सरकलं, पाऊस मागे हटला, आणि पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारत फिरणारी माणसं पाण्याकडे ओढली जात राहिली. पाणी उरलं होतं नाईलच्या काठी. इ.स.पू. ३१०० च्या सुमारास इजिप्त एका राजाखाली आलं, त्यामागे या दाटीवाटीचा मोठा हात आहे असं मी मानतो. कुठल्याही पिढीला आपल्या डोळ्यांदेखत काही आपत्ती घडते आहे असं वाटलं नसेल. तरी आफ्रिका खंडाचे दोन भाग पडले आणि मध्ये वाळूचा समुद्र आला, तो आजही आहे.

याच धर्तीची, पण जास्त झटपट घडलेली गोष्ट इ.स.पू. २२०० च्या आसपासची. मेसोपोटेमियात अक्कडचं साम्राज्य कोसळलं, इजिप्तमध्ये पिरॅमिड बांधणारं जुनं राज्य विस्कटलं. ईशान्य सीरियातलं टेल लेलान हे शहर या काळात ओस पडलं, आणि वस्तीच्या थरावर वाऱ्याने आणलेल्या धुळीचा थर सापडला. उत्खनन करणाऱ्या हार्वी वाइस यांनी १९९३ मध्ये दुष्काळाचा सिद्धान्त मांडला तेव्हा बऱ्याच पुरातत्त्वज्ञांनी नाकं मुरडली होती. पुढे याच सुमाराच्या दुष्काळाचा पुरावा मेघालयातल्या मावम्लूह गुहेच्या लवणस्तंभातही मिळाला, आणि २०१८ मध्ये भूशास्त्राच्या अधिकृत कालपटावर आपण जगतो त्या कालखंडाचं नाव ‘मेघालयन’ ठेवलं गेलं. सिंधू संस्कृतीचा ऱ्हासही सरसकट याच दुष्काळाच्या माथी मारतात. तिथे जरा दमानं घ्यावं. ती शहरं एका दुष्काळात उठली नाहीत. पुढची काही शतकं ती हळूहळू रिकामी होत गेली आणि वस्ती पूर्वेकडे लहान लहान गावांत पांगली.

आता इ.स. ५३६. यावर थोडं थांबतो, कारण हा शोध लागला कसा हेही सांगण्याजोगं आहे.

त्या वर्षी प्रोकोपियस हा बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातला, इतिहासकार लिहितो, की वर्षभर सूर्य चंद्रासारखा निस्तेज होता. इटलीत कॅसिओडोरस हा राजदरबारातला अधिकारी भर दुपारी सावली पडत नाही म्हणून चकित झाला. आयर्लंडच्या बखरींत भाकरीचा तुटवडा पडल्याची नोंद आहे, चीनच्या इतिवृत्तांत उन्हाळ्यात बर्फ पडल्याची. झाडांची वलयंही तेच सांगत होती. युरोपपासून सायबेरियापर्यंत ५३६ आणि पुढच्या वर्षांची वलयं केसासारखी बारीक आहेत, म्हणजे झाडं जेमतेम वाढली. पण बर्फात बघावं तर ज्वालामुखीची खूण त्या वर्षी नव्हतीच. होती ती सुमारे सात वर्षं आधी. त्यामुळे कुणी धूमकेतू आणला, कुणी अवकाशातली धूळ.

बर्फाचा गाभा कसा वाचतात हे कळलं की गोंधळ समजतो. गाभ्याचा तुकडा तापवलेल्या पाटीवर उभा ठेवतात. तो खालून अगदी सावकाश वितळतो आणि त्याचं पाणी सलग यंत्रात जात राहतं. पडद्यावर सल्फेटची, म्हणजे गंधकाच्या संयुगाची, रेषा सपाट चाललेली असते. ज्वालामुखीचं वर्ष आलं की ती एकदम वर उसळते आणि दोनेक वर्षांत परत खाली बसते. उसळी ओळखायला डोळे पुरतात, ते वर्ष कोणतं हे ठरवायला नाही. त्यासाठी वरून एकेक हिवाळा मोजत खाली यावं लागतं. शेकडो थर मोजताना मध्ये काही चुकीचे धरले गेले की त्याखालच्या सगळ्या तारखा सरकतात. २०१२ मध्ये जपानच्या फुसा मियाके यांना देवदाराच्या खोडात ७७४-७५ या वर्षी किरणोत्सारी कार्बनची अचानक झालेली वाढ सापडली. बहुधा सूर्याच्या प्रचंड उद्रेकामुळे ती झाली असावी. त्याच उद्रेकाने बर्फात बेरिलियम-१० ही आपली खूण सोडलेली होती. म्हणजे झाड आणि बर्फ या दोन्ही वह्यांत एकच शिक्का मिळाला. २०१५ मध्ये मायकेल सिगल आणि सहकाऱ्यांनी त्या शिक्क्यावर दोन्ही वह्या जुळवल्या, बर्फाच्या तारखा सरकल्या, आणि गंधकाच्या उसळ्या बरोबर ५३६ आणि ५४० वर येऊन बसल्या. ५४७ च्या आसपास आणखी एक आहे.

आणि मग दुष्काळात तेरावा महिना. ५४१ मध्ये नाईलच्या मुखाजवळच्या पेलुसियममध्ये प्लेग उतरला, ५४२ मध्ये राजधानी कॉन्स्टँटिनोपलला पोचला. त्याच्या थोडंच आधी सम्राट जस्टिनियनच्या फौजेने सेनापती बेलिसारियसच्या हाताखाली इटलीचा मोठा भाग परत मिळवला होता, रोमन साम्राज्य पुन्हा उभं राहतं की काय असं वाटत होतं. जस्टिनियनला स्वतःला प्लेग झाला. तो वाचला, पण साम्राज्याचा महसूल आणि मनुष्यबळ पूर्ववत झालं नाही. किती माणसं मेली यावर इतिहासकार आजही भांडतात, त्यामुळे मी आकडा देत नाही. पुढे रोमन आणि इराणी एकमेकांशी लढून थकले आणि ६३६ मध्ये यार्मुकच्या लढाईत अरब सैन्याने सीरिया घेतला. ज्वालामुखीने इस्लामचा प्रसार घडवला असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, मध्ये १०० वर्षं आणि शेकडो माणसांचे निर्णय आहेत. पण थंडी, उपासमार आणि साथ या तिन्ही गोष्टी एका दशकात आल्या नसत्या, तर सातव्या शतकाच्या सुरुवातीला भूमध्य समुद्राभोवतीचं साम्राज्य इतकं पोखरलेलं नसतं, हे मला पटतं.

निसर्ग फक्त मोडतो असंही नाही. मध्य मंगोलियात लाव्हाच्या खडकांवर वाढलेली पाइनची जुनी झाडं आहेत. तिथे माती जवळजवळ नाही, त्यामुळे पावसाची जराशी कमी-जास्ती वलयांत उमटते. २०१४ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार १२११ ते १२२५ ही वर्षं तिथल्या हजारएक वर्षांतली सर्वांत सलग ओली होती. चंगीझखान १२०६ मध्ये खान झाला होता, म्हणजे पावसाने त्याला घडवलं नाही. पण एकेका स्वारामागे अनेक घोडे बाळगणाऱ्या फौजेला गवत म्हणजे इंधन, आणि ते नेमकं तेव्हा भरपूर होतं. त्याच्या नातवाच्या, कुबलाईखानाच्या नशिबात मात्र १२८१ चं वादळ होतं. जपानच्या किनाऱ्याला लागलेलं त्याचं आरमार त्यात बुडालं आणि जपान मंगोलांच्या हाती कधीच गेलं नाही.

क्रम लावायचाच म्हणाल तर लिखित इतिहासात मी पहिला नंबर १३४७ च्या प्लेगला देईन. जिवाणूला नैसर्गिक घटना म्हणायचं नाही असं काही लोक म्हणतात. का नाही म्हणायचं, ते मला कळलेलं नाही. चार-पाच वर्षांत युरोपातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. त्याआधी १३१५ ते १३१७ च्या अखंड पावसाने मोठा दुष्काळ पडून गेला होता. माणसं कमी झाल्यावर मजुरी वाढली. इंग्लंडच्या राजाने १३५१ मध्ये मजुरीचे दर गोठवणारा कायदा केला, तरी मजुराची किंमत वाढायची थांबली नाही. १३८१ मध्ये शेतकरी लंडनवर चालून गेले. पश्चिम युरोपातली वेठबिगारी पुढच्या पिढ्यांत विरत गेली.

रोगांमधला दुसरा निकाल कमी चर्चेतला आहे. १८०१ च्या अखेरीस नेपोलियनने आपला मेहुणा लक्लेर्क याला मोठी फौज देऊन आजच्या हैतीत पाठवलं, गुलामांचं बंड मोडायला. बंडखोर लढवय्ये होतेच, पण फ्रेंच सैन्य पिवळ्या तापाने साफ झालं. १८०२ च्या नोव्हेंबरात लक्लेर्कही त्याच तापाने गेला. बेट हातचं गेल्यावर अमेरिकेत साम्राज्य उभारायच्या बेतात काही अर्थ उरला नाही, आणि १८०३ मध्ये नेपोलियनने लुईझियाना दीड कोटी डॉलरला विकून टाकलं. अमेरिकेचं क्षेत्रफळ एका फटक्यात जवळपास दुप्पट झालं. नेपोलियनच्या बाबतीत रशियाचा हिवाळाच सगळ्यांना आठवतो, पण १८१२ मध्ये त्याची फौज थंडी पडायच्या आधीच, उन्हाळ्यात, टायफस, उपासमार आणि पळापळीने अर्ध्याहून जास्त गळाली होती. माझ्या मते त्याचा खरा घात हैतीतल्या डासांनी केला.

आइसलंडचा लाकी आणि फ्रेंच राज्यक्रांती ही जोडी हल्ली फार चालते, म्हणून तिच्यावर दोन शब्द. ८ जून १७८३ रोजी लाकीची भेग उघडली आणि आठ महिने ओकत राहिली. विषारी फ्लोरिनने गवत नासलं, जनावरं मेली, आइसलंडची सुमारे पाचवा हिस्सा लोकसंख्या गेली. युरोपवर कोरडं धुकं पसरलं, त्यावर बेंजामिन फ्रँकलिननेही लिहिलं. इथपर्यंत सगळं पक्कं आहे. पण १७८९ चं बंड त्याच्यामुळे झालं म्हणणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला. त्या बंडाला हवामानातलंच कारण हवं असेल तर ते जवळ आहे: १७८८ च्या वसंतातला कोरडा काळ, १३ जुलै १७८८ ची भयंकर गारपीट आणि त्यानंतरचा कडक हिवाळा. वर्षभरात पॅरिसमध्ये भाकरीचा भाव शिखराला पोचला, तेही बंडवाल्यांच्या हाती बास्तीयचा तुरुंग पडला त्याच सुमाराला. राजाची तिजोरी रिकामी होती ते ज्वालामुखीमुळे नव्हे, युद्धांच्या कर्जामुळे.

तांबोराचं (१८१५) कौतुक मी आटोपतं घेतो. युरोप-अमेरिकेत १८१६ चा उन्हाळा आलाच नाही, चीनच्या युन्नानमध्ये भात पिकला नाही, न्यू इंग्लंडमधले शेतकरी पश्चिमेकडे निघाले. दुःख अफाट. पण नेपोलियनच्या युद्धांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या राजवटी त्यात टिकून राहिल्या.

भूकंपांपैकी एकाने माणसाच्या विचाराची दिशा बदलली. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळी चर्च भरलेली असताना लिस्बन हादरलं. मग समुद्र आत आला, मग मेणबत्त्या-चुलींमधून लागलेली आग कित्येक दिवस जळत राहिली. देवाने श्रद्धाळूंनाच का मारलं, यावर युरोपात वाद पेटला. व्होल्तेअरने त्यावर कविता लिहिली, तरुण कांटने भूकंपाच्या नैसर्गिक कारणांवर लेख लिहिले. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पोर्तुगालच्या मंत्र्याची, पुढे मार्केस दे पोंबाल झालेल्या माणसाची, प्रश्नावली. ती देशभरातल्या धर्मगुरूंना पाठवली गेली: हादरे किती वेळ टिकले, कुठल्या बाजूचा धक्का जोराचा वाटला, समुद्र आधी चढला की आधी ओसरला, नेहमीपेक्षा किती हात वर आला. त्या उत्तरांचे गठ्ठे आजही आहेत आणि भूकंपशास्त्रज्ञ ते आजही वापरतात. पापाचा हिशेब न मागता पाण्याची उंची विचारणारं सरकार तोवर क्वचितच कुणी पाहिलं असेल. त्याच पोंबालने भूकंपाने मिळालेली सत्ता वापरून १७५९ मध्ये जेझुइट या बलाढ्य कॅथलिक धर्मसंघाला देशाबाहेर काढलं.

विसाव्या शतकात एक उदाहरण असं आहे, की आपत्ती आणि नवं राष्ट्र यांच्यामध्ये महिनेच मोजावे लागतात. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला चक्रीवादळ पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आलं. वादळाची लाट भरतीच्या वेळी गंगेच्या मुखातल्या सखल बेटांवर चढली. मृतांचा अंदाज ३ ते ५ लाख. वादळाच्या नोंदींमध्ये याहून प्राणघातक वादळ नाही. इस्लामाबादहून मदत हळू आली आणि कमी आली. बंगाली वर्तमानपत्रं उघड बोलू लागली. आणि योगायोग बघा: पाकिस्तानची पहिली सार्वत्रिक निवडणूक मुळात ऑक्टोबरमध्ये व्हायची होती, पण ऑगस्टच्या पुरांमुळे ती डिसेंबरवर ढकलली गेली होती. म्हणजे एका पुराने निवडणूक नेमकी वादळाच्या पलीकडे नेऊन ठेवली. ७ डिसेंबरला मतदान झालं, वादळग्रस्त भागातलं जानेवारीत. पूर्वेकडच्या १६२ जागांपैकी १६० अवामी लीग या बंगाल्यांच्या पक्षाला मिळाल्या, म्हणजे ३०० च्या सभागृहात निर्विवाद बहुमत. सत्ता द्यायला पश्चिमेने नकार दिला, मार्च १९७१ मध्ये लष्कर उतरलं, डिसेंबरात बांगलादेश झाला. भाषेचा प्रश्न, आर्थिक अन्याय, स्वायत्ततेची मागणी हे सगळं वीस वर्षं साठत आलेलंच होतं. अवामी लीग तशीही जिंकली असती. पण दोन सोडून सगळ्या जागा, आणि पश्चिमेशी आता तडजोड नाही ही लोकांची भावना, यामागे वादळानंतरचे ते आठवडे आहेत.

नैसर्गिक घटना घडली की अमुकच परिणाम होतो असं मानणाऱ्यांसाठी २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी पुरेशी आहे. एकच भूकंप, एकच लाट, मृत्यू सव्वादोन लाखांच्या घरात. दोन ठिकाणी तेव्हा जुनी बंडं चालू होती. इंडोनेशियाच्या आचेमध्ये सरकार आणि बंडखोर दोघांचंही कंबरडं मोडलं, जगाचे मदतकर्ते तिथे उतरले, आणि १५ ऑगस्ट २००५ रोजी हेलसिंकीत करार होऊन जवळपास तीस वर्षांचं युद्ध थांबलं. श्रीलंकेत सरकार आणि तमिळ वाघांनी मदत एकत्र वाटायचा करार जून २००५ मध्ये केला. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या मुख्य तरतुदी रोखल्या, सत्ताधारी आघाडीतला एक पक्ष त्याआधीच बाहेर पडला होता, नोव्हेंबरात कडक भूमिका घेणारा अध्यक्ष निवडून आला, आणि २००६ पासून पुन्हा पेटलेलं युद्ध मे २००९ मध्ये वाघांच्या पूर्ण पराभवानेच संपलं.